फवारणी दरवर्षी होते, तरी डेंग्यूचे रुग्ण का थांबत नाहीत? साथीपूर्वी नेमके काय करावे?

निर्मळ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वसाहतीच्या आरोग्य समितीत मी गेली तीन वर्षे काम करते आहे आणि या तीनही वर्षांत आमचा क्रम ठरल्यासारखा झाला आहे. पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना उलटतो, दोन-तीन घरांतून तापाच्या बातम्या येतात, कोणाचा तरी डेंग्यूचा अहवाल पॉझिटिव्ह येतो, मग सगळे समितीकडे धाव घेतात आणि आम्ही धूरफवारणी करून घेतो. संध्याकाळी रस्त्यांवरून पांढरा धूर पसरला की लोकांना हायसे वाटते. गेल्या वर्षी मात्र तीन वेळा फवारणी होऊनही पुढचे पाच आठवडे रुग्ण निघतच राहिले. त्यांतल्या एका शेजारणीचा ताप चौथ्या दिवशी उतरला, घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्याच रात्री पोटदुखी व उलट्यांनी ती इतकी हैराण झाली की पहाटे तिला रुग्णालयात न्यावे लागले. ती बरी होऊन घरी आली, पण ती पहाट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

यंदा रुग्ण निघण्याची वाट पाहायची नाही, असे मी मनाशी ठरवले आहे. पावसाला अजून दोन महिने आहेत आणि समितीतले सहा-सात जण आठवड्यातून दोन तास द्यायला तयार आहेत. धूरफवारणीचा खरोखर कितपत उपयोग होतो, या कोरड्या दिवसांत आम्ही काय करून ठेवावे, साथ अंगावर येण्याआधी तिची चाहूल कशी लागेल आणि लशीच्या भरवशावर राहता येईल का, हे ज्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

अळीशोधक

मी कीटकनियंत्रणाच्या कामात बरीच वर्षे आहे. पावसाला दोन महिने असताना हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका आणि पीतज्वर (यलो फिव्हर) या चारही आजारांचे विषाणू माणसांच्या वस्तीत पसरवणारा मुख्य डास म्हणजे एडिस इजिप्ती; त्याच्या जोडीला एडिस अल्बोपिक्टस. हा डास गटारात किंवा घाण डबक्यात फारसा वाढत नाही. त्याला आपल्या घरातले, आपणच साठवलेले, स्वच्छ आणि स्थिर पाणी हवे असते. मादी पाण्यात अंडी सोडत नाही, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते, आणि सगळा घोळ इथेच आहे. ही अंडी पाणी आटल्यावरही मरत नाहीत. कित्येक महिने ती कोरडी राहू शकतात आणि पाणी पुन्हा त्या रेषेपर्यंत चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणजे पावसाळ्यात दिसणाऱ्या डासांचा साठा उन्हाळ्यातच तुमच्या पिंपांच्या भिंतींना चिकटलेला असतो. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही ते यामुळे. पिंपाची आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने घासून काढावी लागते.

आपल्या सहा-सात जणांना पहिल्या दिवशी एक गोष्ट प्रत्यक्ष दाखवा. महिनाभर न उपसलेल्या पिंपावर बॅटरीचा झोत टाका. सुरुवातीला पाणी अगदी नितळ दिसेल, कारण उजेड पडताच अळ्या वळवळत तळाकडे पळतात. घाई न करता थांबा. थोड्या वेळाने एकेक अळी वर येईल, शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवील आणि डोके खाली करून लटकत राहील. त्यांच्यातच स्वल्पविरामाच्या आकाराचे काही जीव दिसतील, ते कोष. ते एक-दोन दिवसांत डास होऊन उडणार असतात. नंतर पाण्याच्या रेषेच्या बोटभर वरची भिंत निरखून पाहा: टाकाच्या टोकाने टिपल्यासारखे काळे ठिपके म्हणजे अंडी. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला झाकण घट्ट लावण्याचे महत्त्व पुन्हा सांगावे लागत नाही.

उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ हा नियम या हिशोबातून आला आहे. दर आठवड्याला ठरलेल्या वारी सर्व भांडी रिकामी करून घासली, तर अळीला डास होण्याइतका अवधीच मिळत नाही. पंधरा दिवसांतून एकदा केले, तर श्रम निम्मे होतात, पण उपयोग जवळजवळ शून्य होतो, कारण मधल्या काळात एक पिढी उडून गेलेली असते.

आता धूरफवारणी. धुराने फक्त उडते डास मरतात, तेही धुराचा थेंब त्यांच्या अंगाला लागला तर. अंडी, अळ्या आणि कोष यांना त्याचा उपद्रव नाही. एडिस घरात, पलंगाखाली, पडद्यांमागे, कपाटाच्या कडेला, टांगलेल्या कपड्यांत बसून राहतो आणि आपण मात्र दारे-खिडक्या लावून रस्त्यावर धूर सोडतो. त्यातून एखादा डास मेला, तरी पिंपातले कोष पुढच्या दोन-चार दिवसांत त्याची जागा भरून काढतात. शिवाय धूर झाला की लोक निश्चिंत होतात आणि पिंप घासायचे राहून जाते. मला हे नुकसान धुराच्या खर्चापेक्षा मोठे वाटते.

भांडी तपासून डास रोखण्याची रीत नवी नाही. १९०१ साली क्यूबातल्या हवाना शहरात अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी घरोघरी पाणी साठवण्याच्या भांड्यांवर लक्ष ठेवून, रुग्णांना जाळीत ठेवून आणि घरांत धुरी देऊन पीतज्वर काही महिन्यांत हटवला. पुढे पनामा कालव्याच्या कामावरही तेच केले. १९४७ साली अमेरिका खंडांतील देशांनी मिळून एडिस इजिप्तीचे उच्चाटन हाती घेतले आणि १९६२ पर्यंत १८ देशांनी तो डास आपल्या भूमीवरून नाहीसा केला. नंतर तपासणीची पथके ढिली पडली, निधी आटला आणि डास परतला. १९८१ साली क्यूबामध्ये डेंग्यूचे ३ लाख ४० हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि १५८ जण दगावले. रुग्ण नसलेल्या वर्षी तपासणी सुरू ठेवणे हे या कामातले सर्वांत कठीण काम आहे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

आकडेमोड

अळीशोधक यांनी डासांची बाजू सांगितली. मी रोगसर्वेक्षणात काम करत असल्याने काळाची बाजू मांडतो.

डेंग्यूच्या रुग्णाला डास चावला की विषाणू डासाच्या आतड्यातून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात; त्यानंतर तो डास मरेपर्यंत संसर्ग पसरवू शकतो. त्याने दुसऱ्याला चावा घेतला की त्या माणसाला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस. त्यात ताप आल्यावर तपासणीला जाईपर्यंत गेलेले दोन-तीन दिवस मिळवा. म्हणजे आपल्या हातात आज आलेला अहवाल सुमारे एक-दोन आठवड्यांपूर्वीच्या चाव्याची बातमी असते आणि ज्या डासाने तो चावा घेतला, त्याला विषाणू मिळाला होता तो त्याहूनही आधी. शिवाय डेंग्यूची लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना लक्षणेच जाणवत नाहीत किंवा अगदी सौम्य जाणवतात, आणि तरीही त्यांच्यापासून डासाला विषाणू मिळू शकतो. तुमच्या वसाहतीत ‘पहिला रुग्ण’ म्हणून ज्याची नोंद होते, तो खरा पहिला क्वचितच असतो.

इटलीतले २००७ सालचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. रावेन्ना प्रांतातल्या दोन शेजारच्या खेड्यांत चिकुनगुन्याचा विषाणू परदेशाहून आलेल्या एका आजारी प्रवाशाबरोबर पोहोचला. तिथे एडिस अल्बोपिक्टस आधीच स्थिरावलेला होता, म्हणून त्या उन्हाळ्यात सुमारे २०० जणांना लागण झाली. विषाणू केव्हा येईल हे कोणालाच ठरवता येत नाही. तो आल्यावर त्याला वाहन मिळू द्यायचे की नाही, एवढेच आपल्या हातात असते.

म्हणून चाहूल रुग्णांत शोधण्यापेक्षा भांड्यांत शोधा. दर आठवड्याच्या फेरीत तीन आकडे लिहून ठेवा: किती घरे पाहिली, त्यांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, आणि अळ्या असलेली भांडी एकूण किती. समजा, तुम्ही ५० घरे पाहिली, त्यांतल्या ६ घरांत मिळून ९ भांड्यांत अळ्या निघाल्या, तर अळ्या असलेल्या घरांचे प्रमाण, म्हणजे हाऊस इंडेक्स, १२ टक्के झाला आणि दर शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी, म्हणजे ब्रेटू इंडेक्स, १८ झाला. अमुक आकड्याखाली धोका नाही असे कोणी छातीठोकपणे सांगितले तरी त्यावर विसंबू नका. आकडे कमी असतानाही साथी आलेल्या आहेत. तरीही एकाच वसाहतीचा आकडा आठवड्यागणिक चढतो आहे की उतरतो आहे, हे पाहणे अतिशय उपयोगी असते. जमल्यास कोषांची नोंद वेगळी ठेवा. बहुतेक वस्त्यांत मोजकीच काही प्रकारची भांडी बहुसंख्य डास जन्माला घालतात, आणि ती कोणती हे एकदा कळले की तुमचे दोन तास नेमके तिथे खर्ची घालता येतात.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. फवारणी सरसकट टाकाऊ नाही. रस्त्यावरचा धूर आणि घराच्या आत, डास विसावतात त्या जागी मारलेले टिकाऊ औषध या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहरात डेंग्यूच्या रुग्णाशी संबंध आलेल्या घरांत असे औषध मारले, तेव्हा तिथून पुढे होणारा प्रसार मोठ्या प्रमाणात घटला. त्यासाठी रुग्ण लवकर कळणे आणि तो कुठे कुठे गेला होता हे विचारणे आवश्यक असते. एडिस डास सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे उडत नाही. विषाणूला दूर नेतो तो माणूस.

शुश्रूषा

मी तापाच्या रुग्णांची देखभाल करते, त्यामुळे निर्मळताईंनी लिहिलेली ती पहाट मला चांगलीच ओळखीची आहे. वसाहतीच्या तयारीत भांड्यांइतकेच स्थान या माहितीला मिळावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डेंग्यूत ताप उतरणे म्हणजे बरे होणे नव्हे. ताप सुरू झाल्यापासून साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, बरेचदा ताप उतरतानाच, काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब ढासळण्याची भीती निर्माण होते. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, धाप, अतिशय थकवा किंवा अस्वस्थपणा यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हे वाक्य छापून प्रत्येक घरात आत्ताच लावून ठेवा. ताप आल्यावर कागद वाचण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते.

तापावर पॅरासिटॅमॉल योग्य प्रमाणात द्यावे. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि तत्सम वेदनाशामके टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तपासण्यांचाही काळ ठरलेला असतो. एनएस१ ही विषाणूचे प्रथिन शोधणारी तपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, तर शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली आयजीएम प्रतिद्रव्ये साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतात. चुकीच्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असे समजू नये. घरचे लोक सगळे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर ठेवतात, त्यांची काळजी मला समजते. परंतु डॉक्टर त्याच्या जोडीला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, पाहतात. ते चढत असेल तर रक्त घट्ट होत आहे, म्हणजे द्रव बाहेर झिरपतो आहे. अशा वेळी काळजीपूर्वक मोजून दिलेले सलाईन जीव वाचवते आणि अंदाजाने दिलेले जास्तीचे सलाईन फुप्फुसांत पाणी साठवू शकते.

मोठ्या साथीत रुग्णालयांची दमछाक होते ती खाटांपेक्षा क्रम लावण्यात. घरी पाठवता येण्यासारखे कोण, दररोज रक्त तपासायला बोलवायचे कोण आणि लगेच दाखल करायचे कोण, हे दारातच ठरले पाहिजे आणि ते ठरवणारी माणसे साथीपूर्वी तयार झालेली असली पाहिजेत. आपल्या समितीने जवळच्या दवाखान्याशी आत्ताच बोलून ठेवावे, रात्री कोणाकडे जायचे आणि वाहन कोणाचे हे ठरवून ठेवावे.

आणखी एक गोष्ट, जी नेहमी विसरली जाते. रुग्णाला पहिले पाच-सहा दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत. ही मच्छरदाणी रुग्णासाठी कमी आणि घरातल्या इतरांसाठी अधिक असते, कारण याच दिवसांत त्याच्या रक्तातून डासाला विषाणू मिळतो. वसाहतीत गर्भवती स्त्रिया असतील तर त्यांच्याकडे स्वतंत्र लक्ष द्या. झिकामुळे गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, हे ब्राझीलमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या साथीत जगाने पाहिले, आणि तो विषाणू लैंगिक संबंधांतूनही पसरतो.

लशीविषयी: पीतज्वरावर १९३७ साली तयार झालेली १७डी लस आजही उत्तम काम करते आणि एकच मात्रा बहुतेकांना आयुष्यभर पुरते. जपानी मेंदूज्वरावरही चांगल्या लशी आहेत. डेंग्यूची गोष्ट गुंतागुंतीची आहे. त्याचे चार उपप्रकार आहेत आणि एकाने आजारी पडून गेल्यावर दुसऱ्याने गाठले तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. पहिली डेंग्यू लस फिलिपीन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना देण्यात आली; ज्यांना पूर्वी कधीच डेंग्यू झाला नव्हता, त्यांच्यात पुढे आजार तीव्र होण्याचा धोका वाढतो असे २०१७ च्या अखेरीस उत्पादकानेच जाहीर केले आणि मोहीम थांबली. त्या घटनेने तिथल्या लोकांचा इतर लशींवरचा विश्वासही डळमळला. नंतर आलेल्या दुसऱ्या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने डेंग्यूचा प्रसार तीव्र असलेल्या भागांतील ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी, तीन महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, अशी केली आहे. आपल्या भागात ती उपलब्ध आहे का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र ती घेतली तरी चिकुनगुन्या आणि झिका अडत नाहीत, म्हणून पिंप घासणे सुटत नाही.

निर्मळ

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल आम्ही पहिली फेरी केली. पिंपे बऱ्यापैकी झाकलेली होती. अळ्या निघाल्या त्या आमच्या कल्पनेत नसलेल्या जागी: फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, गच्चीवर पडलेल्या रंगाच्या डब्यात आणि एका बंद घराच्या बाहेर ठेवलेल्या कुंडीखालच्या ताटलीत. ज्यांच्या फ्रिजमागून अळ्या निघाल्या त्या आजी अक्षरशः रडवेल्या झाल्या. त्यांचे घर इतके स्वच्छ असते की हे त्यांना अपमानासारखे वाटले. आम्ही त्यांना समजावले की हा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि पुढच्या फेरीत त्या आमच्याबरोबर येणार आहेत.

दोन अडचणी उरल्या आहेत. गच्चीवरच्या मोठ्या टाक्या दर आठवड्याला रिकाम्या करणे शक्य नाही. पिण्याच्या पाण्यात अळीनाशक घालायला लोक घाबरतात. आणि बंद घरांचे काय करावे, हे कळत नाही.

अळीशोधक

आजींना सोबत घेतलेत, हे फार चांगले केलेत. या फेऱ्यांत दोष दाखवणारे पथक अशी ओळख झाली की दारे बंद होऊ लागतात.

मोठ्या टाकीसाठी पहिला उपाय झाकणाचा. झाकण नीट बसते आहे का, कडेला फट आहे का, आणि हवेच्या व जादा पाण्याच्या नळ्यांच्या तोंडाशी बारीक जाळी आहे का, हे प्रत्येक टाकीवर चढून, हात लावून तपासा. खालून पाहून झाकण बसलेले वाटते आणि वर गेल्यावर बोटभर फट निघते. झाकण बसवता येत नसेल अशा हौदांत गप्पी मासे सोडता येतात. पिण्याच्या पाण्यासाठी टेमिफॉस हे अळीनाशक प्रति लिटर १ मिलिग्रॅमच्या मर्यादेत वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे, परंतु कित्येक ठिकाणच्या अळ्या त्याला दाद देईनाशा झाल्या आहेत, म्हणून स्वतःच्या मनाने न टाकता स्थानिक आरोग्य विभागाकडून मात्रा ठरवून घ्या. बीटीआय नावाच्या जिवाणूपासून केलेले अळीनाशकही चालते, मात्र ते अळीच्या पोटात गेल्यावरच काम करते आणि कोष काही खात नाहीत. त्यामुळे औषध टाकल्यानंतरही दोन-तीन दिवस डास बाहेर पडताना दिसले तर घाबरू नका.

डासात डेंग्यूचा विषाणू वाढू न देणारा वोल्बाकिया जिवाणू असलेले डास सोडण्याच्या पद्धतीबद्दल कोणी ना कोणी विचारील, म्हणून सांगून ठेवतो. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात तिची रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले आणि तिथे डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. पद्धत आशादायक आहे, परंतु ती शहराच्या पातळीवर राबवायची असते, एका वसाहतीला जमणारी नाही.

बंद घरांच्या मालकांना पावसाआधीच फोन करा आणि किल्ली कोणाकडे आहे ते लिहून ठेवा. आत गेल्यावर शौचालयाची फ्लशची टाकी, कमोड, न वापरलेल्या मोऱ्यांच्या जाळ्या आणि फ्रिजचा ट्रे पाहा. घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर कमोड झाकून, मोरीच्या जाळीवर प्लॅस्टिक आणि वजन ठेवून या. किल्ली मिळालीच नाही, तर त्या घराची नोंद ‘न पाहिलेले’ अशीच करा. अळ्या नसलेल्या घरांत ती मिसळू नका, नाहीतर आकडेमोड यांनी सांगितलेला इंडेक्स खोटा चांगला दिसेल. पुढच्या चार फेऱ्यांचे आकडे इथे लिहिलेत, तर कोणत्या भांड्यांच्या मागे लागायचे ते आपण मिळून ठरवू.